संशोधक: अ. ब. क., संस्था: इथेच

भाषाविज्ञान विभागाच्या चौकशीच्या खिडकीशी विद्यार्थी परिषदेची सचिव धापा टाकत आली आणि म्हणाली, "ताई, स्टेपलर आहे का?"

ताईंनी स्टेपलर पुढे सरकवला. सचिवेनं तो उघडला, मिटला आणि परत ठेवून दिला. तिच्याकडे जोडायला एकही कागद नव्हता. म्हणजे हिला स्टेपलर नकोय, हे ताईंनी ओळखलं आणि त्या गप्प बसून राहिल्या. एकोणीस वर्षं खिडकीत बसलेल्या माणसाला एवढा धीर धरता येतो.

"आणि ताई, एक छोटंसं काम होतं. परिषदेचा फॉर्म आज वेबसाइटवर टाकलाय. चालतो का ते बघायचंय. तुम्ही एकदा भरून बघाल? काहीही भरा."

"काहीही म्हणजे?"

"काहीही म्हणजे अगदी काहीही. नंतर आम्ही पुसून टाकू."

ते पुसायचं राहिलं. एरवी या गोष्टीत सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

परिषद विद्यार्थ्यांची होती, अगदी सबकुछ विद्यार्थ्यांची. निबंध मागवायचे त्यांनी, तपासायचे त्यांनी, खुर्च्या मोजायच्या त्यांनी आणि भांडायचंही त्यांनीच. प्राध्यापकांनी फक्त पहिल्या रांगेत बसून अभिमान वाटल्यासारखं दिसायचं होतं. सचिव एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि चार महिने या परिषदेपायी तिनं जेवणाकडे लक्ष दिलं नव्हतं.

ताईंनी फॉर्म उघडला. नावाच्या चौकटीत, सगळ्या नमुन्याच्या अर्जांवर असतं तसं, 'अ. ब. क.' लिहिलं. 'संस्था' या चौकटीत 'इथेच'. मेलच्या जागी विभागाचा मेल टाकला. तो मेल सगळ्या विभागाचा असला तरी उघडून वाचायच्या फक्त ताईच. शेवटी आली सारांशाची चौकट. तिथे त्यांनी 'काहीही' असं लिहिलं. फॉर्म पुढे जाईना. मग बारा वेळा 'काहीही' लिहिलं. फॉर्मनं लाल अक्षरांत सुनावलं, दोनशे अडतीस शब्द कमी आहेत.

ताईंनी खण उघडला आणि वही काढली.

ही वही म्हणजे वापरलेल्या अर्जांच्या पाठकोऱ्या कागदांना दोरा ओवून केलेली जाडजूड चवड होती. पानावर दोन रकाने. पहिल्यात माणूस खिडकीशी येऊन पहिलं वाक्य काय बोलला ते, दुसऱ्यात त्याला खरं काय हवं होतं ते. 'पंखा चालतो का तुमचा?' आणि पुढे 'गुणपत्रिका हरवली आहे.' 'सर आले का हो?' आणि पुढे 'सर नसताना त्यांच्या टेबलावर निबंध ठेवायचा आहे.' 'इथे पेन मिळेल?' आणि पुढे 'मला हा विषय सोडायचा आहे.' अशा चारशे बारा नोंदी होत्या. जेवणाच्या सुट्टीत खिडकी शिपाईकाका सांभाळत, त्यामुळे थोड्या नोंदी त्यांच्या टपोऱ्या अक्षरातही होत्या.

माणूस खिडकीशी येऊन आधी भलतंच का विचारतो, यावर ताईंनी अडीचशे शब्द लिहिले. चाळीस मिनिटं लागली. बाहेर तिघं ताटकळले, त्यातल्या एकानं दोनदा पंख्याची चौकशी केली. फॉर्म गेला. ताईंनी सचिवेला सांगितलं, "चालतोय गं." आणि सचिव पळत पुढच्या कामाला गेली.

आता या परिषदेत निबंध नावं झाकून तपासायची पद्धत होती. कोणाचा निबंध आहे हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, नुसता क्रमांक. ताईंचा क्रमांक साहजिकच पहिला. तीन विद्यार्थ्यांनी तो वाचला आणि तिघांनी दहापैकी दहा गुण दिले. एकानं शेरा मारला की लेखकानं सगळे सिद्धान्त इतके पचवले आहेत की एकाचाही उल्लेख करायची गरज त्याला वाटलेली नाही.

मग नावं उघडली.

"अ. ब. क.?" सचिव म्हणाली. "संस्था, इथेच?"

दुसऱ्या कुठल्याही विभागात कोणीतरी कपाळाला हात लावला असता. पण ही मंडळी माणसांचं बोलणं टिपून घेणारी. टिपलेल्या माणसांची खरी नावं छापायची नाहीत, त्यांना अ, ब, क म्हणायचं, हा यांचा पहिल्या दिवशी शिकलेला नियम. त्यांच्या वह्यांमधून रोज 'अ'ची सासू 'ब'शी भांडत असे. त्यामुळे कोणालाच काही खटकलं नाही.

"हे नीतिमत्तेचं टोक आहे," फॉर्म बनवणारा चष्मेवाला भारावून म्हणाला. "बोलणाऱ्यांची ओळख सगळेच लपवतात. यांनी स्वतःचीसुद्धा लपवलीय!"

"आणि संस्था इथेच?"

"संशोधन जिथे केलं तीच संस्था. केवढा विचार आहे बघ."

तरी सचिवेला राहवलं नाही. ती विभागप्रमुखांकडे गेली. सर विद्वान होते, प्रेमळही होते, पण 'माहीत नाही' हे शब्द काही केल्या त्यांच्या तोंडून फुटत नसत.

"सर, अ. ब. क. म्हणून कोणी संशोधक आहेत. तुम्हाला ठाऊक आहेत का?"

"क?" सरांनी छताकडे पाहिलं. "क म्हणजे... हो, हो. ओळखतो ना. चांगला ओळखतो. फार मोजकं बोलणारा माणूस."

"पुरुष आहेत का ते?"

"माणूस म्हटलं मी," सर म्हणाले आणि न वाजलेला फोन उचलून कानाला लावला.

झालं. सरांचे परिचयाचे म्हटल्यावर क यांना उद्‌घाटनानंतरचं पहिलं सत्र मिळालं आणि अध्यक्ष म्हणून सरच बसणार हे ठरलं. मेल विभागाचा दिसला तरी तो सरांमार्फत असणार असं सगळ्यांनी धरलं आणि त्याच मेलवर पत्र आलं, 'आपला निबंध स्वीकारण्यात येत आहे.' ते ताईंनी सात वेळा वाचलं.

खरं तर त्यांनी त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं. आणि त्या उठल्याही. समोरच्या हॉलमध्ये सचिव खुर्च्या मोजत होती.

"काय ताई?"

"काही नाही. दिवे लागतात ना इथले सगळे?"

"लागतात की."

"सहज विचारलं," ताई म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या.

खिडकीपासून हॉलच्या दारापर्यंत अकरा पावलं होती. ताई रोज तिथे जात, हजेरीपट घेऊन, पाण्याचा जग घेऊन, मोडक्या खुर्च्यांची यादी घेऊन. पण एके काळी त्या तिथे नुसती वही घेऊन जात. दुसऱ्या बाकावर बसत. एम.ए.चं पहिलं वर्ष पार पडलं, गुण चांगले पडले, आणि त्याच सुट्टीत वडिलांनी अंथरूण धरलं. खिडकीची जागा रिकामी होती. दोन वर्षं करू आणि मग पुन्हा बाकावर जाऊन बसू, असं त्यांनी ठरवलं होतं. ती दोन वर्षं काही संपली नाहीत. दरवर्षी अर्जांच्या दिवसांत त्या सरांच्या खोलीत फाइल ठेवता ठेवता विचारत, "सर, जुन्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षाला बसता येतं का हो?" सर मान वर न करता म्हणत, "कोण विचारतंय?" ताई म्हणत, "मुलं विचारतात." आणि तो विषय पुढच्या वर्षावर जाई. हॉलचं दार उघडं असलं की आतला फळा दिसे. तो फळा दिसला की एकोणीस वर्षांनंतरही त्या दुसऱ्या बाकाकडे बघायचं टाळत. कुणाला सांगावं असं ते दुःख नव्हतं, म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

समितीचे मेल येत राहिले आणि ताई खोटं न बोलता उत्तरं देत राहिल्या.

'कृपया दोन ओळींचा परिचय पाठवावा.' उत्तर गेलं, 'या विषयावर एकोणीस वर्षं काम. एका जागी बसून.'

"एका जागी बसून!" चष्मेवाल्याचा आवाज कातर झाला. "याला म्हणतात निरीक्षण!"

'राहण्याची सोय करावी लागेल का?' 'नको. घर जवळच आहे.' 'जेवणाचं काय?' 'डबा असतो.'

"साधेपणा बघा," सचिव म्हणाली. "आणि आपल्याकडचे लोक दोन वेळचा चहा लेखी मागतात."

परिषदेच्या आदल्या संध्याकाळी जेवताना ताई नवऱ्याला म्हणाल्या, "उद्या दूध जास्तीचं घ्यायचं का?"

नवरा बस चालवायचा. दिवसभर लोक त्याला भलत्याच थांब्यांची नावं विचारत आणि तिसऱ्याच ठिकाणी उतरत. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. ताईंच्या पहिल्या वाक्याला तो उत्तरच देत नसे. त्यानं घास खाली ठेवला आणि वाट पाहिली.

"उद्या मला हॉलमध्ये बोलायचंय," ताई म्हणाल्या. "म्हणजे मला नाही. अ. ब. क.ला."

सगळं ऐकून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाला, "बोल की मग. इतकी वर्षं मला एकट्यालाच ऐकवतेयस."

"आणि हसले तर लोक?"

"मी हसलोच ना आत्ता? काय झालं तुला?"

ताईंनी पानावरची भाजी उगाच इकडची तिकडे केली. दूध किती घ्यायचं ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी नावांचे बिल्ले वाटायचं काम खिडकीवरच होतं. दहा वाजेपर्यंत सगळे बिल्ले गेले. काठावर एकच उरला, 'अ. ब. क., इथेच'. सचिव दर पाच मिनिटांनी येऊन विचारत होती, "आले का?" शेवटी खुद्द सर आले.

"ताई, हे घड्याळ बरोबर आहे का?"

"बरोबर आहे सर."

"हं." सरांनी स्वतःचंही घड्याळ पाहिलं. "ते क येऊन गेले का? मी ओळखतो त्यांना, प्रश्न तो नाही. पण बरीच वर्षं झाली. चेहरा पटकन... तुम्ही जरा आधी दाखवलंत तर बरं."

"आलेत सर," ताई म्हणाल्या.

"कुठे आहेत?"

"इथेच."

सरांनी व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला. ताईंनी पुढचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून सचिवेची हाक आली, "सर, सापडले!"

झालं होतं असं, की उद्‌घाटनात माइकनं मान टाकली होती आणि शिपाईकाकांनी माइकवाल्याला फोन केला होता. तो हॉलच्या दाराशी उभा होता. पन्नाशीचा, शांत, हातात काळी पिशवी, गळ्यात बिल्ला नाही.

"सर, आपणच का?" सचिवेनं विचारलं.

"हो, मलाच बोलावलंय."

"उशीर झाला ना. किती वेळ लागेल आपल्याला?"

"वीस मिनिटं खूप झाली."

निबंधाला वेळ नेमका वीस मिनिटांचा होता. सचिवेनं त्याला जवळजवळ ओढतच व्यासपीठावर नेलं. सर धावत आले, त्यांनी माइकवाल्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि गहिवरून म्हणाले, "किती वर्षांनी! काहीच बदलला नाहीत!" माइकवाल्याला मोठ्या लोकांच्या कार्यक्रमांची सवय होती. तो खुर्चीवर बसला आणि पिशवी मांडीवर घेतली.

सर आठ मिनिटं बोलले, माइकशिवाय. क यांचं मौन, क यांची तपश्चर्या, क यांच्याशी झालेल्या त्यांच्या प्रदीर्घ चर्चा. टाळ्या पडल्या. माइकवाला उठला, वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा खोचली आणि म्हणाला, "हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन. हॅलो."

पहिल्या रांगेतल्या दोघांनी ते लिहून घेतलं.

"झालं," माइकवाला म्हणाला. "वायर सैल होती. येऊ मी?" आणि पिशवी उचलून तो निघून गेला.

टाळ्या वाजवायच्या की नाही हे हॉलला कळेना. सर व्यासपीठावर हात अर्धवट पुढे करून उभे होते. मग मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं आणि ते हसू पुढच्या रांगांकडे सरकायला लागलं. बाहेरगावाहून आलेली मुलं एकमेकांकडे बघू लागली. चार महिन्यांची मेहनत अशी डोळ्यांदेखत पाण्यात चाललेली पाहून सचिव बाहेर पळाली आणि खिडकीचा काठ धरून उभी राहिली.

"ताई, पाणी आहे?"

ताईंनी पाणी दिलं. ती प्यायली नाही. ताई थांबल्या.

"मी काय करू आता?" सचिव म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

ताईंनी काठावरचा बिल्ला उचलून गळ्यात घातला. खणातून वही घेतली. 'खिडकी बंद आहे' ही पाटी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा कधी लागत नसे. ती शोधून काचेला लावली. सचिव आ वासून बघत राहिली.

"ताई? तुम्ही?"

"तू म्हणालीस काहीही भरा," ताई म्हणाल्या. "मग माझ्याकडे जे होतं ते भरलं."

अकरा पावलं. त्यातल्या सातव्या पावलाला परत फिरावं असं त्यांना वाटलं, पण मागून सचिव येत होती, त्यामुळे फिरायला जागा नव्हती.

ताई माइकसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी शोधलं. हॉलमध्ये पाण्याचा जग त्यांनीच भरून ठेवला होता, पण तो हाताला येईना इतका लांब होता.

"दिवे लागतात ना सगळे?" त्या म्हणाल्या.

ताईंनी वही उघडली. "हे माझं पहिलं वाक्य झालं," त्या म्हणाल्या. "मला दिव्यांशी काही देणंघेणं नाही."

हॉल हसला, पण हे हसू वेगळं होतं, आणि ताईंना ते कळलं. मग त्या बोलत गेल्या. स्टेपलर मागणारे, पंख्याची चौकशी करणारे, पेन मागून विषय सोडणारे. ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपण त्या खिडकीशी काय विचारलं होतं ते आठवायला लागलं आणि माना खाली जायला लागल्या.

"चारशे बारा माणसं आहेत यात," ताई म्हणाल्या. "तीनशे एकाहत्तर जण उशिरा का होईना दुसरं वाक्य बोलले. एक्केचाळीस जण बोललेच नाहीत. 'सहज विचारलं' म्हणाले आणि गेले. एक आजोबा दर गुरुवारी यायचे. 'चार नंबरची खोली रिकामी आहे का?' म्हणून विचारायचे. मी म्हणायची, 'आहे, बघायची का?' ते म्हणायचे, 'नको, सहज विचारलं.' पुढे ते यायचे बंद झाले. एकदा जुनं वेळापत्रक हाताला लागलं, तेव्हा कळलं, गुरुवारी चार नंबरमध्ये ज्या बाई शिकवायच्या त्यांचं आणि आजोबांचं आडनाव एकच होतं. आजोबांचा दुसरा रकाना मी भरलेला नाही. मला भरवला नाही."

मग चष्मेवाल्यानं हात वर केला. "पण लोक असं का करतात, ताई? तुमचा सिद्धान्त काय आहे?"

"सिद्धान्त नाही रे बाबा," ताई म्हणाल्या. "पहिल्या वाक्याला कोणी नाही म्हणत नाही. दुसऱ्याला म्हणू शकतं. आणि जे फार हवं असतं त्याला नाही ऐकायची कोणाची तयारी नसते. माझीही नव्हती."

"मग त्या एक्केचाळीस जणांसाठी काय करता आलं असतं?" सचिवेनं विचारलं.

"मी विचारायला हवं होतं, 'अजून काही?' एवढंच. एकोणीस वर्षांत मी ते एकदाही विचारलं नाही. मलाही कोणी विचारलं नाही."

अध्यक्षांच्या खुर्चीवर सर आपल्या बुटांकडे पाहत होते. टाळ्या पडल्या, थांबल्या, तरी त्यांनी बुटांवरची नजर काढली नाही.

दोन दिवसांनी सर खिडकीशी आले. वाकले, कारण काचेला बोलण्यासाठी पाडलेलं भोक अशा उंचीवर होतं की उंच माणसाला वाकावं लागे आणि बुटक्याला टाचा उंचवाव्या लागत.

"ताई, पंखा चालतो ना तुमचा?"

"चालतो."

"आणि पिना वगैरे आहेत ना?"

"आहेत सर." ताईंनी श्वास घेतला. "अजून काही?"

सरांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "तुमचे पहिल्या वर्षाचे गुण अजून धरता येतात. जुनं रजिस्टर काढून पाहिलं मी. हा दुसऱ्या वर्षाचा अर्ज. ते वर्ष माझं शिकवायचं पहिलंच होतं. दुसऱ्या बाकावर बसायचात तुम्ही. एकदा माझी तारीख चुकली होती, ती तुम्ही दुरुस्त केली होती." सर सरळ उभे राहिले आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "मी म्हटलंच होतं सगळ्यांना, की क यांना मी चांगला ओळखतो."

ताईंनी अर्ज भरला. नावाच्या चौकटीत या वेळी स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. अर्ज खिडकी क्रमांक एकवर सादर करावा, असं तळाशी छापलेलं होतं. खिडकी क्रमांक एक म्हणजे हीच. स्वतःचा अर्ज स्वतःच आत घेणं ताईंना बरं वाटेना. त्यांनी शिपाईकाकांना खुर्चीवर बसवलं, दारातून बाहेर पडल्या, वळसा घालून पुढे आल्या आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या काचेच्या या बाजूला उभ्या राहिल्या. भोकाशी तोंड न्यायला त्यांना टाचा उंच कराव्या लागल्या.

आत काका अगदी गंभीर चेहरा करून बसले होते. "बोला बाई, काय काम आहे?"

ताईंच्या हातात अर्ज होता. सांगायचं सगळं पाठ होतं. त्या म्हणाल्या, "आज उकडतंय नाही फार?"

काकांनी वही ओढली, पेन्सिल उचलली आणि पहिल्या रकान्यात सावकाश, टपोऱ्या अक्षरात लिहिलं. चारशे तेरा. मग दुसऱ्या रकान्यावर पेन्सिल टेकवून त्यांनी वर पाहिलं.

"हं," काका म्हणाले. "अजून काही?"